ताईंच्या नावाचा रकाना

तीर्थस्वरूप ताई,



एका छपराखाली राहणाऱ्या जावांनी एकमेकींना पत्र लिहायची आपल्या कार्ल्यात रीत नाही. पण गेल्या जूनपासून आपण दोघी निवांत बसून बोललोच नाही. मी पहाटे पावणेपाचला बाहेर पडते तेव्हा तुम्ही चुलीपुढे असता, आणि रात्री आठला परत येते तेव्हा परातीत शेवटचं पीठ मळत असता. मधे बोलणं होतं ते ‘डबा घेतलास का’, ‘सिलिंडर बदलायचाय’, ‘बंगल्यावरनं फोन होता, बारा ताटं वाढली’ एवढंच. मला जे सांगायचंय ते चुलीपाशी उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. तुमचा चष्मा कायम देवळीत असतो, तेव्हा धाकट्याला सांगितलंय मोठ्यानं वाचून दाखवायला.

आणि हे पत्र मी छापायलाही देते आहे. कार्ल्यापासून पवनेच्या धरणापर्यंत शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी रांधणारी कितीतरी घरं आहेत. त्यातल्या बहुतेक घरांत तुमच्यासारखी एक बाई आहे. तिच्या घरच्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं.

मी पुण्याला स्वयंपाक शिकायला जाणार हे कळलं तेव्हा आळीतल्या बायकांनी नळावर तुम्हालाच विचारलं होतं, ‘बेचाळिसाव्या वर्षी स्वयंपाक शिकायला? इतकी वर्षं काय करत होती मग?’ तुम्ही हंडा उचलता उचलता म्हणालात, ‘येतो, म्हणूनच शिकायला चाललीय.’ पुढे कुणी काही विचारलं नाही. प्रवेशाच्या अर्जात एक प्रश्न होता, ‘हा अभ्यासक्रम का निवडला?’ मी तिथे बरंच काहीबाही लिहिलं. खरं उत्तर तुम्ही नळावर देऊन आला होता.

पहिल्या दिवसाचं तुम्हाला आठवतं का? शाळेचा नियम होता, हातात काही नको. बांगडी नाही, अंगठी नाही, नखाला रंग नाही, केस जाळीत. कारण समजण्यासारखं होतं. बांगडीच्या आत पीठ अडकतं, मटणाचं पाणी अडकतं, आणि कढईवर वाकताना काच फुटली तर अख्खा घाणा टाकून द्यावा लागतो. नियम पटला, पण मोरीत साबण लावून एकेक हिरवी बांगडी उतरवताना माझा हात थरथरत होता. तुम्ही मागून पाहत होता. तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून मी मान वर केली नाही. तुम्हीही काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे डब्यावर एक बटवा ठेवलेला होता, तुमच्या जुन्या खणाच्या चोळीतून शिवलेला, नाडी ओढायचा. ‘आत कापूस घातलाय,’ तुम्ही म्हणालात, ‘गाडीत वाढायला नकोत.’ वर्षभर रोज सकाळी शिवाजीनगरला उतरल्यावर त्या बटव्यात मी बांगड्या आणि मंगळसूत्र ठेवते, आणि संध्याकाळी गाडीत बसल्यावर पुन्हा हातात चढवते. एकही बांगडी वाढलेली नाही.

माझा दिवस कसा जातो हे तुम्हाला नीट ठाऊक नाही. चूक माझीच, मी सांगितलंच नाही. हे मला गाडीवरून इंद्रायणीच्या पुलापलीकडे मळवली स्टेशनावर सोडतात. पावसाळ्यात त्या पुलावर समोरचं दिसत नाही. लोकलमध्ये कामशेत-वडगावपर्यंत बसायला मिळतं, तळेगावापासून बायका उभ्या राहतात, आणि मी मांडीवर वही उघडून फ्रेंच शब्द पाठ करते. बावीस वर्षांनी वही धरली होती. पहिले पंधरा दिवस अक्षर माझं मलाच ओळखू येईना. शिवाजीनगरला उतरून चालत शाळेत, तिथे साडी बदलून काळ्यापांढऱ्या चौकडीची पँट, पांढरा कोट, अ‍ॅप्रन, टोपी, पुढून पोलादी बूट. साडेसातला रांगेत उभं राहायचं, नखं तपासून घ्यायची. मग आठ तास उभं. आपण आयुष्यभर बसून, उकिडवं बसून, वाकून काम केलं. उभं राहून स्वयंपाक करायची माझ्या पायांना सवयच नव्हती. घरी आल्यावर तुम्ही परातीत मिठाचं गरम पाणी आणून ठेवायचा. मी पाय सोडून बसायचे आणि तुम्ही माझ्या वाटणीची भांडी घासायचा. तेव्हा ते मला दिसत नव्हतं, इतकी मी दमलेली असायचे. आता दिसतं.

वर्गात बाकी सगळी अठरा-एकोणीस वर्षांची. मला काकू म्हणतात. शिकवणारे शेफ माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान आहेत, पण ओट्यापाशी त्यांना ‘येस शेफ’च म्हणायचं. ते मला कधी जड गेलं नाही, कारण माणूस आपल्या कामात पक्का आहे. जड गेली ती सुरी.

हे जरा सविस्तर सांगते, कारण इतर कुणाला कळणार नाही, तुम्हाला कळेल. विळीवर पातं जागचं हलत नाही, भाजी हलते. आपण पाटावर पाय दाबून बसतो, दोन्ही हात भाजीला, आणि गवार असो की बोंबील, आपल्याकडून पात्याकडे जातं. सुरीचं सगळं उलट. भाजी जागेवर आणि पातं हलतं. एक हात सुरीला गेला की भाजी धरायला एकच हात उरतो, आणि त्याची बोटं आत वळवून, पेरं पुढे काढून, पात्याला पेरांवर टेकवत न्यायचं. बावीस वर्षं माझं मनगट जे शिकलं होतं ते सगळं इथे आड यायला लागलं. गाजराच्या तीन मिलिमीटर जाडीच्या काड्या करायच्या असतात, त्याला जुलियन म्हणतात. त्याच काड्या आडव्या कापल्या की तीन मिलिमीटरचे चौकोनी तुकडे होतात, ते ब्रुन्वाज. शेफ पोलादी पट्टी घेऊन फिरतात आणि ढिगातली कुठलीही काडी उचलून मोजतात. माझ्या काड्या विळीवर कापल्यासारख्या, एक जाड एक बारीक. पहिल्या परीक्षेत वीसपैकी सहा मिळाले. त्याच दिवशी अंगठा कापला. त्यावर निळी पट्टी लावली. स्वयंपाकघरात निळीच पट्टी लावतात, कारण निळ्या रंगाचा खाण्याचा पदार्थ सहसा नसतो, सुटून पडली तर लगेच दिसते. ती पट्टी पाहून रात्री तुम्ही मला न विचारता पाच किलो कांद्याची पिशवी पुढ्यात ठेवलीत आणि विळी आत नेऊन ठेवलीत. ‘रविवारची ऑर्डर आहे, सुरीनंच चीर,’ म्हणालात. त्या रविवारी जेवण अर्धा तास उशिरा गेलं, बंगल्यावरून दोनदा फोन आला, तुम्ही मला घाई केली नाही. माझा हात तिथे बसला, ताई. शाळेत मला सुरी धरायला शिकवली. चुकायला लागणारा वेळ तुम्ही दिलात.

इतिहासाच्या तासाला ऑग्युस्त एस्कॉफिए या फ्रेंच स्वयंपाक्याबद्दल शिकवतात. जन्म १८४६, मृत्यू १९३५. हॉटेलचं स्वयंपाकघर त्यानं फौजेसारखं लावून दिलं. सॉस करणारा वेगळा, भाजणारा वेगळा, मासे पाहणारा वेगळा, गोड करणारा वेगळा, आणि सगळ्यांवर एक मुख्य शेफ. आजही जगभरची मोठी हॉटेलं त्याच पद्धतीनं चालतात. त्याची आकृती वहीत काढताना मी एकेका चौकोनात आपल्या घरातलं कोण बसतं ते पाहत होते. वाटण तुम्ही, भाजणं तुम्ही, रस्सा तुम्ही, भाकरी तुम्ही. चव घेऊन ‘मीठ घाल’ म्हणणाऱ्याही तुम्हीच. मी भाज्या आणि ताटं लावणं. मुख्य शेफच्या चौकोनात मी तुमचं नाव पेन्सिलीनं लिहिलं आहे. वही दाखवीन.

त्याच तासाला मला एक गोष्ट नव्यानं कळली. हॉटेलचा स्वयंपाक रीतसर शिकवणारी आपल्या देशातली पहिली संस्था १९५४ साली मुंबईत निघाली, ती बायकांनी काढली. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकारानं, अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेकडून. पुढे त्या संस्थेच्या प्राचार्य झालेल्या थंगम फिलिप यांना १९७६ साली पद्मश्री मिळाली. त्यांचं ‘मॉडर्न कुकरी’ हे पुस्तक आम्हाला आजही लावलेलं आहे. इंग्रजी आहे. धाकटा रात्री एकेक पान मला समजावून सांगतो. असं असूनही आमच्या तीस जणांच्या वर्गात बायका-मुली मिळून पाचच आहेत. घरात रांधायचं ते बाईनं आणि पगार घेऊन रांधायचं ते पुरुषानं, ही वाटणी कुणी आणि कधी केली मला माहीत नाही. पण ती चूक आहे. हे मी वर्गात उभं राहून बोलले आणि शेफनी ते मान्य केलं.

आता मुख्य गोष्ट. दोन वर्षांपूर्वीच्या आखाडातला तो शनिवार.

साठ माणसांची ऑर्डर होती, कोंबडीचा रस्सा आणि तांदळाची भाकरी. पावसात लाइट जाईल म्हणून तुम्ही रात्रीच चाळीस लिटरच्या पातेल्यात रस्सा करून ठेवलात. वर झाकण, झाकणावर गोणपाट, म्हणजे पाल-किडा जायला नको. सकाळी झाकण काढलं तर वर फेस आणि आंबूस वास. परसात खड्डा खणून सगळं ओतलं. पैसे परत करावे लागले. घरात सगळ्यांनी ठरवलं की वाटण कच्चं राहिलं असणार, म्हणजे चूक तुमची. तुम्ही मान खाली घातलीत. पुढचे कितीतरी दिवस तुम्ही वाटण परतताना दोनदा-तीनदा वास घ्यायचा, आणि मला म्हणायचा, ‘बघ गं, झालंय का नीट?’ तीस वर्षं वाटण परतणारी बाई मला विचारायची. माझ्या मनात शाळेचं तेव्हाच आलं.

ताई, तुमचं वाटण कच्चं नव्हतं. मी सांगते काय झालं. शिजलेलं अन्न पाच ते साठ अंशांच्या मधे असतं तेव्हा जंतू झपाट्यानं वाढतात. काही जंतूंची बीजं अशी चिवट असतात की उकळूनही मरत नाहीत, आणि रस्सा कोमट झाला की त्यांना पुन्हा जीव येतो. म्हणून रस्सा साठवरून एकवीस अंशांवर दोन तासांच्या आत आणायचा, आणि तिथून पाचवर पुढच्या चार तासांत. चाळीस लिटरचं खोल पातेलं, वर झाकण आणि गोणपाट, म्हणजे आपण त्याला गोधडी पांघरली होती. त्याच्या मधला भाग रात्रभर कोमट राहिला. तोच रस्सा चार उथळ परातींत ओतून पंख्याखाली ठेवला असता, खाली गार पाणी ठेवलं असतं आणि मग फ्रीजमध्ये गेला असता, तर काही झालं नसतं. तुम्ही झाकलंत ते काळजीपोटी. बाकीचं आपल्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. ज्या दिवशी हा धडा शिकवला त्या दिवशी मी गाडीत रडले. घरी येऊन तुम्हाला सांगायचं ठरवलं होतं, पण त्या रात्री आठ पाहुणे होते आणि राहून गेलं. आज सगळ्यांसमोर सांगते. ती चूक तुमची नव्हती.

शिळ्या भाताचंही तसंच. रात्रीचा भात पातेल्यात तसाच ठेवून सकाळी फोडणी देतो ना आपण? भातातल्या एका जंतूचं विष तयार झालं की फोडणीनंही जात नाही. उरलेला भात ताटात पसरून गार करायचा आणि लगेच फ्रीजला टाकायचा. एवढं मात्र आजपासून पाळू.

भातावरून आठवलं. पुलावाच्या प्रात्यक्षिकाला बासमती असतो, दाणा दाण्याला लागता कामा नये. आपला इंद्रायणी तिथे नापास. तो तांदूळ मऊ, चिकट, तसाच असायचा; १९८७ साली आपल्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून तो आला, आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून. पण इटलीचा रिसोत्तो नावाचा एक भात आहे, त्याला चिकट, पिठूळ तांदूळच लागतो, आणि रस्सा थोडा थोडा घालत, ढवळत शिजवायचा. परदेशी तांदूळ महाग. मी विचारलं, ‘शेफ, आमच्याकडचा आणू का?’ दोन किलो घेऊन गेले. तुम्ही तो निवडून, फडक्यात बांधून दिला होता. तो भात इतका छान लपथपीत झाला की शेफनी सगळ्यांना बोलावून चमचा चमचा दिला. मुलांनी विचारलं, ‘काकू, हा कुठला?’ मी म्हटलं, घरचा.

आणि आता भाकरी.

महाराष्ट्रीय जेवणाचं प्रात्यक्षिक होतं. आदल्या दिवशी स्टोअरमधून सामान घ्यायला कागद भरून द्यावा लागतो, त्याला इंडेंट म्हणतात. पन्नास तांदळाच्या भाकऱ्यांना पीठ किती, पाणी किती? मी लिहिलं, ‘लागेल तसं.’ शेफनी कागद परत दिला. म्हणाले, ‘तुमच्या हाताला ठाऊक आहे, कागदाला नाही. उद्या तुम्ही आजारी पडलात तर ही भाकरी कोण करणार?’ मला उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री मी तुम्हाला न सांगता एक काम केलं. माझा वजनकाटा ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला. तुम्ही पीठ घ्यायच्या आधी डबा मोजला, नंतर मोजला. पाण्याचा तांब्या आधी आणि नंतर मोजला. तुम्ही नेहमीसारखी उकड काढलीत, हात बुडवून बुडवून मळलीत, गोळे करून परातीत लावलेत आणि तवा ठेवायला वळलात. मी एकेक गोळा उचलून काट्यावर ठेवला आणि परत जागेवर ठेवला. दहा गोळे. सगळ्यांत हलका ११६ ग्रॅम, सगळ्यांत जड १२० ग्रॅम. बाकीचे ११८च्या आसपास. अर्ध्या किलो पिठाला सातशे ग्रॅमला थोडं कमी पाणी. आमच्या वर्गातल्या मुलांना काट्यावर मोजून इतके सारखे गोळे करायला अख्खी सकाळ जाते. तुम्ही ते भाऊजींशी विजेच्या बिलाबद्दल बोलत बोलत केलेत.

शाळेत त्या उकडीचं कारणही कळलं. गव्हात ग्लुटेन असतं, म्हणून कणीक ताणली जाते. तांदळात ते नाही. उकळत्या पाण्यानं तांदळाचा स्टार्च फुगतो आणि तोच पिठाला धरून ठेवतो. म्हणून गार पाण्यात मळलेली भाकरी थापताना फाटते. तुम्ही मला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, ‘पाण्याला आधण आल्याशिवाय पीठ टाकू नकोस, भाकरी चिरते.’ सांगणं तेच आहे. मी इंडेंट भरला, खाली कारण लिहिलं, आणि प्रात्यक्षिकाला पन्नास भाकऱ्या झाल्या. एकही चिरली नाही. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं, त्याचं मोल मला त्या दिवशी उमगलं. घरातल्या बाईच्या हातातला अंदाज त्यांनी वाटी-चमच्यात बांधला, आणि जिला शिकवायला सासू जवळ नव्हती तिलाही रांधता यायला लागलं. आपल्या फडताळातली प्रत माझ्या लग्नात आलेली आहे. तुमच्या मापांची वही मी त्याच फडताळात ठेवते आहे. सतरा पदार्थ झालेत.

मग आला खर्चाचा तास. आपलंच ताट घेऊन हिशेब मांडला. तांदूळ, पीठ, कोंबडी, खोबरं, कांदा, तेल, मसाला, कोथिंबीर. एका ताटाचा कच्चा माल ९४ रुपये. आपण विकतो १८० रुपयांना, म्हणजे निम्म्याहून जास्त मालातच जातं. हॉटेलवाले साधारण तिसऱ्या हिश्श्यावर थांबवायचा प्रयत्न करतात, कारण उरलेल्यातून गॅस, वीज, वाहतूक आणि माणसांचा पगार निघायचा असतो. त्या तक्त्यात ‘मजुरी’ असा एक रकाना असतो. मी तिथे थांबले. एका रविवारी मी तुमचे तास मोजले होते. पहाटे साडेचार ते रात्री दहा, मधला आराम वगळून चौदा तास. त्या रकान्यात आजवर आपल्या घरात शून्य लिहिलं गेलं. कुणी मुद्दाम लिहिलं नाही, पण लिहिलं शून्यच. आपलं ताट स्वस्त होतं ते तुमच्या जिवावर, ताई. आणि माझी फी त्याच ताटांतून गेली.

परीक्षेआधी मी एकवीरेची ओटी भरायला वर गेले होते, तेव्हा देवळालगतच्या लेण्यातही थोडा वेळ बसले. लहानपणापासून नाही, पण लग्न झाल्यापासून ते चैत्यगृह पाहते आहे, त्या दिवशी मात्र तिथले लेख काय सांगतात ते नीट समजून घेतलं. या जागेचं त्या लेखांतलं नाव वलुरक. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नहपान राजाचा जावई ऋषभदत्त यानं पावसाळ्यात इथे राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचं गाव दान दिलं. खांबांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत. दाराचं काम करणाऱ्या सुताराचंही नाव आहे, धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा. पावसाळाभर त्या भिक्षूंचं अन्न शिजवलं कुणी, ते नाव मला कुठे सापडलं नाही. मी खाली उतरताना तुमच्या चुलीचा धूर दिसत होता.

आता जे मागायचंय ते. पुढच्या महिन्यापासून मला चार महिने पुण्याच्या एका हॉटेलात काम शिकायला राहावं लागणार आहे. रात्रपाळीही असेल. घरी येणं पंधरा दिवसांतून एकदा. हे मी तुम्हाला तोंडानं सांगू शकत नव्हते, कारण तुम्ही ‘जा, मी बघते’ म्हणाला असता आणि माझं काम पुन्हा तुमच्या अंगावर पडलं असतं. म्हणून मी आधी ह्यांच्याशी आणि भाऊजींशी बोलले आहे. बोलायला सोपं नव्हतं, पण हिशेबाचा कागद समोर ठेवला आणि दोघांनी तो दोनदा वाचला. पुढच्या एक तारखेपासून ताट २४० रुपयांना. बंगलेवाल्यांना फोन मी केलेत, दोघं नाही म्हणाले, बाकीचे तयार आहेत. त्यातून एक बाई कामाला ठेवायची, कांदा-खोबरं-भांड्यांसाठी, आणि तुमचा पगार दर महिन्याला तुमच्या खात्यावर जमा करायचा. तो पगार तुमच्या कामाचा आहे. तो नाकारू नका.

आणखी एक. आपल्या घरगुती जेवणाची अन्न खात्याकडची नोंदणी संपत आली आहे. आजवर ती भाऊजींच्या नावावर होती. नवा अर्ज मी भरायला घेतलाय. त्यात व्यवसाय चालवणाऱ्याच्या नावाचा रकाना असतो. तिथे मी तुमचं नाव लिहिलं आहे, पूर्ण नाव, माहेरच्या हाकेचं नाही. भाऊजींनी हो म्हटलंय. ते प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं भिंतीवर लावायचं असतं.

त्यासाठी तुमच्या आधार कार्डाची झेरॉक्स लागेल. कार्ड बहुधा पत्र्याच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या पिशवीत असेल, ते काढून ठेवा. फोटोही नवा लागेल. सोमवारी मला सुट्टी आहे. सकाळी दहाला आपण दोघी कार्ला फाट्यावर जाऊन काढून घेऊ.

तुमची धाकटी जाऊ